मुरूम टाका, टाकत राहा

बैलगाडा शर्यतीला गेलेला माणूस बैल बघतो. घोडेबाजारात गेलेला घोडा बघतो. कृषी प्रदर्शनाला गेलेला फुकट पेन कुठल्या स्टॉलवर मिळतंय ते बघतो. या तिन्ही ठिकाणी चौथ्या प्रकारचा एक प्रेक्षक फिरत असतो आणि त्याला यातलं काहीच दिसत नाही. बारी सुटते, भिर्रर्र होतं, शर्यतीच्या घाटावरची सगळी माणसं एका दमात उभी राहतात, आणि हा मात्र खाली वाकून बॅरिकेडचा पाइप जमिनीत किती गेलाय ते बोटानं चाचपत असतो. मग तो पाण्याच्या टँकरकडे जातो, नळ सोडून बघतो, बंद करतो. जनरेटरच्या मागे जाऊन उगाच उभा राहतो. पार्किंगच्या वावरात शिरतो, आणि आत यायला आणि बाहेर पडायला वाट एकच आहे हे दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते देवळातही पसरलेलं नसतं.

हा शेजारच्या गावच्या यात्रा कमिटीचा माणूस. आठवड्याभरात त्याच्या गावची यात्रा आहे आणि आज तो शिकायला आलाय. हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "दर्शनाला आलो होतो."

अमेरिकेत जत्रा आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांची संघटना १८८५ पासून आहे. तिकडे घोड्यांची रिंगणं, जनावरांचे गोठे, प्रदर्शनाचे हॉल सांभाळणारे व्यवस्थापक अधिवेशनाला जमतात, गळ्यात नावाची पट्टी अडकवतात आणि रिंगणात वाळू किती घालावी इथपासून विमा कोणता घ्यावा इथपर्यंत एकमेकांना उघड उघड विचारतात. उघड उघड विचारणं हा त्या देशाचा स्वभाव आहे. आपल्याकडे हेच अधिवेशन दशक्रियेला भरतं.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या पट्ट्यात कुणी जाणता माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठी पन्नास गावांच्या यात्रा कमिट्या आपोआप हजर होतात. पिंड ठेवलेला असतो, कीर्तनकार बोलत असतात, आणि कावळा शिवेपर्यंत कुणाला हलता येत नाही. एवढा मोकळा वेळ आणि एवढी अनुभवी माणसं दुसरीकडे कुठं एकत्र मिळणार? टोपी सरळ करत एक जण पुटपुटतो, "औंदा ॲम्ब्युलन्स कुठून आणली हो?" दुसरा पिंडाकडेच नजर ठेवून सांगतो, "ट्रस्टच्या दवाखान्यातून. डिझेल आपलं." तिसऱ्याला घाटाच्या उतारावर मुरूम किती पसरला ते हवं असतं. कावळा उशिरा आला तर पार्किंगपासून पंचांच्या घड्याळापर्यंत सगळा अभ्यासक्रम पुरा होतो. लवकर आला तर स्टेजच्या पायऱ्यांचा विषय पुढच्या दशक्रियेवर जातो.

हा थट्टेचा विषय वाटेल, पण २०२१ च्या शेवटी या नदीकाठच्या शिक्षणाची खरी परीक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, तरी प्रकरण न्यायालयातच राहिलं. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली साडेसात वर्षं घाट रिकामे होते. काही घाटांत बाभळी वाढल्या. काही ठिकाणी पोरांनी क्रिकेटचं पीच केलं. त्या काळात यात्रा झाल्या, पालख्या निघाल्या, तमाशे झाले, पण घाट कसा चालवायचा हे शिकायची शाळाच बंद होती. बंदी आली तेव्हा आठवीत असलेला पोरगा परवानगी आली तेव्हा बाविशीचा, मिशीवाला, कमिटीचा उपाध्यक्ष होता. त्याच्याकडे ड्रोन होता, फ्लेक्सवर स्वतःचा फोटो होता, आणि गाडे खालून सुटतात की वरून याबद्दल त्याच्या मनात थोडी शंका होती.

अशा वेळी गावाला अण्णांची आठवण झाली.

प्रत्येक घाटाला एक अण्णा असतात. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं नाना. वय सत्तरीच्या पुढे, एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा सगळ्यांवर. बंदीच्या काळात ते पारावर बसून असत आणि त्यांचं म्हणणं ऐकायला कुत्रंही थांबत नसे. परवानगीच्या बातमीनंतर त्यांच्या अंगणात मोटारसायकलींची रांग लागली. अण्णांनी साडेसात वर्षांचं मौन दोन महिन्यांत फेडून घेतलं. त्यांची शिकवण्याची पद्धत एकच: आधी अपमान करायचा, मग माहिती द्यायची. "बॅरिकेड कुठं लावलंय रे? तिथं गाडा वळतो. वळला तर पहिल्या रांगेतला तुझा सासरा जाईल." माहिती अचूक असते. सासराही पहिल्याच रांगेत असतो.

पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यतींचा मोसम असतो. तिथं पेनिट्रोमीटर नावाचं उपकरण ट्रॅकमध्ये खुपसून जमीन किती मऊ आहे याचा आकडा काढतात आणि तो जाहीरही करतात. घाटात हे उपकरण अण्णांच्या उजव्या टाचेत बसवलेलं असतं. अण्णा चप्पल काढतात, टाच दोनदा आपटतात आणि सांगतात, "पाणी जास्त झालं. बैल घसरल." किती जास्त झालं, किती मारायला हवं होतं, कधी मारायला हवं होतं, हे विचारायची सोय नाही. टाच ज्याची त्याला कळतं. उपाध्यक्षाने एकदा पुण्याहून असलं उपकरण मागवू या म्हटलं, तर अण्णा तीन दिवस घाटाकडे फिरकले नाहीत.

टाचेला कळत नाही अशी एकच गोष्ट होती: अर्ज. नवीन नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली, धावपट्टीला हजार मीटरची मर्यादा आली, पशुवैद्यकाचा दाखला आला, काठी-चाबूक-बॅटरीला मनाई आली. (ही मनाई आधीच यायला हवी होती, हे मी घाटात उभं राहून मोठ्यानं म्हटलेलं नाही.) इथं अण्णा शिष्य झाले आणि उपाध्यक्ष गुरू. ज्या गावाला पहिली परवानगी मिळाली त्या गावाचा अर्ज हा त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान दस्तऐवज ठरला. त्याची झेरॉक्स निघाली, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, मोबाइलवर वाकडे फोटो फिरले, आणि महिन्याभरात पाच तालुक्यांत एकच अर्ज नांदू लागला. काही गावांनी तो इतका मनोभावे उतरवला की अर्जात स्वतःच्या भैरवनाथाच्या जागी भलत्याच गावचा खंडोबा तसाच राहिला. कचेरीतल्या कारकुनाने "तुमचं दैवत बदललं का?" असं विचारल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. कुठल्या गावाची ही गोष्ट, असं विचारलं की प्रत्येक जण शेजारच्या गावाकडे बोट दाखवतो.

तरीही ही देवाणघेवाण मोफत होती, हे लक्षात घ्या. ज्या गावांचं पाण्यावरून, बांधावरून, सोयरिकीवरून तीन पिढ्यांचं वाकडं आहे, त्यांनीसुद्धा अर्ज दिला. एक गाव बंद पडलं की सगळी बंद पडतील, हे न्यायालयाने सगळ्यांना एकदमच शिकवलं होतं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबल्या, तेव्हा तर रोज संध्याकाळी कमिट्या एकमेकांना फोन करून काहीच घडलं नाही हे कळवत असत.

फोनचा विषय निघाला म्हणून सांगतो. चैत्र-वैशाखात यात्रा आणि त्याच दिवसांत वळीव, ही देवाची जुनी खोड आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री विजा चमकू लागल्या की होणारं संभाषण मी एका अण्णांच्या ओसरीवर बसून ऐकलंय. स्पीकर चालू होता, कारण अण्णांना कानाला फोन लावलेला आवडत नाही.

"अण्णा, पाऊस आलाय."

"इथं पण आलाय."

"घाटात चिखल झालाय."

"मुरूम टाका."

"किती?"

"टाकत राहा."

"अहो पण किती डंपर?"

"चिखल दिसायचा बंद हुईस्तवर."

"अंधारात कसा दिसणार?"

"मग सकाळी टाका."

फोन बंद. पलीकडचा माणूस मात्र निर्धास्त झालेला होता, हे त्याच्या "बरं अण्णा" वरून कळत होतं. त्याला डंपरचा आकडा नकोच होता. अवघ्या तालुक्यात आपल्याशिवाय आणखी एक माणूस रात्री अकरा वाजता त्याच चिखलाचा विचार करत जागा आहे, एवढंच त्याला हवं होतं. व्हॉट्सॲपवर कमिट्यांचा एक ग्रुपही आहे. त्यावर पहाटे सुविचार येतात आणि दुपारी वाढदिवस. चिखलाबद्दल विचारलं की सत्तावीस अंगठे येतात.

घोडेबाजाराची तऱ्हा वेगळी. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो, अकलूजला भरतो. गाढवांसाठी पौष पौर्णिमेची जेजुरी आहे. इथं येणारे व्यापारी मारवाडापासून पंजाबापर्यंतचे, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण उतरल्या उतरल्या सांगतो की गेल्या वर्षी माझी दावण त्या लिंबाखाली होती. लिंब एक असतो आणि त्याखाली गेल्या वर्षी दावण असणारे चाळीस. नवा व्यवस्थापक नकाशा आणतो, प्लॉट नंबर दाखवतो. जुना व्यवस्थापक चहा मागवतो आणि म्हणतो, "शेठ, लिंबाखाली औंदा मुंगळे झालेत." हा धडा कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवत नसतील.

दुसरा धडा वाऱ्याचा. घोडे एका बाजूला आणि घोड्या दुसऱ्या बाजूला बांधायच्या, हे कुणालाही सुचतं. पण वारा घोडींकडून घोड्यांकडे वाहतो की घोड्यांकडून घोडींकडे, ते आधी बघायचं असतं, हे फक्त एकदा पहाटे तीनला दोनशे मेखा उपटलेल्या बघितलेल्या माणसाला सुचतं. माजावर आलेल्या एका घोडीचा वास वाऱ्यावर स्वार झाला की प्लॉट नंबर, दावण, लिंब, मुंगळे, सगळं एकाच मैदानात जमा होतं. ज्याने हे पाहिलंय तो दुसऱ्या बाजाराच्या माणसाला बाकी काही सांगो न सांगो, वाऱ्याचं सांगतोच. त्याच्या खालोखाल सांगतो ते फटाक्यांचं. पाहुण्यांच्या स्वागताला दहा हजारांची माळ लावायची हौस प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला असते. पाहुणे गाडीतून उतरतात, माळ पेटते, आणि पंचकल्याणी, देवमणवाला, रेवाल चालीचा, मालकाने लाखाच्या खाली ज्याचा विषयच काढलेला नाही असा घोडा पाहुण्यांच्या आधी स्टेजवर पोचतो.

तिसरा धडा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि झालेल्या जनावराला मारून टाकावं लागतं. संशयित नमुने हरियाणात हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. म्हणून जाणता व्यवस्थापक नवख्याला स्वच्छ सांगतो की फाटकावर तुझा मेव्हणा घोडा घेऊन उभा राहिला तरी दाखला माग. मेव्हण्याचा राग वर्षभरात जातो.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत आहे. बघणाऱ्याला वाटतं दोघं हातात हात घालून प्रेमानं उभे आहेत. व्यवस्थापकांच्या आपसातल्या मार्गदर्शनाचंही असंच, सगळं प्रेम उघड्यावर आणि आकडा रुमालाखाली. मंडपवाल्याचा नंबर देतील, त्याच्या घरी किती म्हशी आहेत ते सांगतील, पण त्याने चौरस फुटाला किती लावले हे विचारलं की "मागच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं" असं उत्तर येतं. मागचे अध्यक्ष वारलेले असतात. विद्या देताना एक मात्रा राखून ठेवायची, ही आपली जुनी परंपरा कुस्तीच्या तालमीतून थेट मंडपाच्या बिलापर्यंत आलेली आहे.

ती राखलेली मात्रा शेवटी फोडतो तो मंडपवालाच. तो, लाउडस्पीकरवाला आणि शर्यतीचा निवेदक ही खरी फिरती विद्यापीठं. निवेदक तर आज या गावात, उद्या त्या गावात, गळ्यात उपरणं तेच. माइकवर तो इथल्या कमिटीचं एवढं कौतुक करतो की कमिटीलाही संशय येतो. जेवताना हळूच सांगतो, "तिकडं पाण्याचे टँकर सहा होते बरं का." दुसऱ्या दिवशी इथं सात येतात. सातारा जिल्ह्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत शर्यत, जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन हे तिन्ही एकत्र असतं. तिथून आलेल्या निवेदकाच्या बोलण्याला त्यामुळे विशेष वजन. विदर्भात तळेगाव दशासरच्या शंकरपटाला जाऊन आलेला एखादा निघाला तर त्याला बाहेरच्या विद्यापीठाची पदवी असल्यासारखं बाजेवर बसवतात.

कृषी प्रदर्शनवाले स्वतःला यांच्यापासून जरा वेगळे समजतात. त्यांच्याकडे लॅपटॉप असतो. मोशीला डिसेंबरात 'किसान' भरतं, बारामतीला जानेवारीत 'कृषिक' भरतं, आणि ही दोन बघून आलेला प्रत्येक तालुक्याचा माणूस आपल्या गावी छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवतो. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राच्या शेतात पिकं उभी दाखवतात. ते बघून याला वाटतं, आपणही टोमॅटो लावू. टोमॅटो लावल्यापासून तोडायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून तो उद्घाटनाच्या तारखेवरून उलटं मोजत लागवड करतो. पीक तारखेला तयार होतं. मंत्र्यांची तारीख तयार होत नाही. उद्घाटन तीन आठवडे पुढे गेलं की टोमॅटो लाल होतात, गळतात, आणि शेवटी पाहुण्यांना ठिबक सिंचनाच्या नळ्या तेवढ्या दाखवल्या जातात. म्हणून जाणते सांगतात की लागवड तीन टप्प्यांत कर, मंत्री कुठल्यातरी टप्प्यात येतील.

हेलिपॅडचंही तसंच. नवखा माणूस हेलिपॅड मंडपाजवळ करतो, पाहुण्यांना चालायला नको म्हणून. हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा सेंद्रिय खताचा स्टॉल सगळ्यांच्या अंगावर येतो.

या सगळ्या विद्यापीठांत एका विषयाचा गुरू मला कुठंच भेटला नाही. बायकांची स्वच्छतागृहं. मैदानाच्या नकाशात ती नेहमी टोकाला, जनरेटरच्या पलीकडे, दिव्याच्या अलीकडे. कारण कमिटीत बाई नसते, आणि दशक्रियेच्या घाटावर पुरुषांच्या घोळक्यात हा प्रश्न कुणी पुटपुटत नाही. खरं तर प्रदर्शनात सकाळी नऊ ते रात्री नऊ उभं राहून भाकरी-पिठलं विकणाऱ्या बचत गटांच्या बायकांनी दहा-बारा मैदानं आतून-बाहेरून बघितलेली असतात. पाणी कुठं संपतं, कचरा कोण उचलत नाही, सातनंतर कुठला कोपरा असुरक्षित होतो, गर्दी कुठल्या वळणावर तुंबते, हे त्या पिठलं ढवळता ढवळता सांगतात. एका प्रदर्शनात मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं, हे तुम्ही व्यवस्थापकांना सांगितलं का? ती म्हणाली, "ते येतात ना रोज. पार्सल न्यायला."

तुमच्या गावची यात्रा असेल आणि कमिटीची सभा अजून व्हायची असेल, तर अशा एखाद्या बाईला सभेला बोलवा आणि अण्णांच्या शेजारी बसवा. आधी दोघांचं भांडण होईल, मग बरंच काही कळेल. कळेल ते लिहून ठेवा, कारण अण्णांचं दुसरं साडेसात वर्षांचं मौन आता परवडणारं नाही. फक्त सभेत वही बाहेर काढू नका. वही बघितली की अण्णा भाषण सुरू करतात. ऐकून घ्या, घरी येऊन लिहा, आणि पुढच्या गावाला झेरॉक्स देताना देवाचं नाव तेवढं बदला.